डीवाय बाय डीएक्स अपूर्णांक नाही म्हणता, मग डीएक्स पलीकडे कसा नेता?

रात्रपाळी_भोसरी:
नमस्कार मंडळी. मुलगी बारावी सायन्सला आहे, एमएचटी-सीईटी देणार. मी डिप्लोमा मेकॅनिकल, भोसरीत कंपनीत आहे. तिच्याबरोबर मीही गणिताचं पुस्तक पुन्हा उघडलंय. निम्मं विसरलोय, उरलेलं निम्मं तेव्हाही कळलं नव्हतं असं आता दिसतंय.

अडलंय ते असं. डेरिव्हेटिव्ह शिकवताना क्लासमध्ये बजावून सांगितलं, की डीवाय बाय डीएक्स हे एकसंध चिन्ह आहे, अपूर्णांक नाही, त्याचे वरखाली तुकडे करायचे नाहीत. पुढे इंटिग्रेशन आलं आणि त्याच फळ्यावर लिहिलं: यू = एक्स², म्हणून डीयू बाय डीएक्स = २एक्स, म्हणून डीयू = २एक्स डीएक्स. झाले की तुकडे! मुलीनं विचारलं तर उत्तर मिळालं, "उत्तर बरोबर येतंय ना? मग पुढे चला."

दुसरी शंका, ∫ च्या शेवटचा डीएक्स राहिला तर मार्क का कापतात? तो वाक्याच्या शेवटचा पूर्णविराम आहे की त्याला काही काम आहे?

पेठेतला:
पूर्णविरामच समजा. आम्ही जन्मभर तसंच समजलो, पगार वेळेवर झाला.

लसावि:
पेठेतले, पगाराचा आणि समजण्याचा संबंध पुण्यात कधीच नव्हता.

रात्रपाळी, मुलीचा प्रश्न रास्त आहे. तिला गप्प बसवायला नको होतं. क्लासमध्ये सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांच्यामधली एक पायरी गाळली गेली आहे.

आधी डेरिव्हेटिव्ह. एक्स थोडा बदलला (डेल्टा एक्स), त्यामुळे वाय थोडा बदलला (डेल्टा वाय). डेल्टा वाय बाय डेल्टा एक्स हा मात्र साधा अपूर्णांक आहे, दोन आकड्यांचा भागाकार. डेल्टा एक्स शून्याकडे नेला की हा भागाकार ज्या संख्येकडे जातो ती डेरिव्हेटिव्ह. ती लिमिट आहे. लिमिट घेतल्यावर वरचा आकडाही उरत नाही आणि खालचाही, म्हणून "अपूर्णांक नाही".

आता गाळलेली पायरी. डेरिव्हेटिव्ह हाती आली की आपण एक नवी व्याख्या करतो. डीएक्स म्हणजे एक्समधला तुम्हाला हवा तो बदल, हवा तेवढा. आणि डीवाय म्हणजे डेरिव्हेटिव्ह गुणिले डीएक्स. बस. डीवायला डिफरन्शियल म्हणतात. फ्रेंच गणिती कोशीनं १८२३ साली हे अशाच पद्धतीनं मांडलं, आधी लिमिट आणि मग तिच्यावरून डिफरन्शियल. या व्याख्येनंतर डीवायला डीएक्सनं भागलं तर डेरिव्हेटिव्ह मिळणारच, आपणच तशी सोय करून ठेवली आहे.

आकड्यांत पाहा. वाय = एक्स², एक्स = ३. डीएक्स ०.१ घेतला तर डीवाय = ६ × ०.१ = ०.६. खरा बदल ३.१² − ३² = ०.६१. डीएक्स ०.०१ घेतला तर डीवाय ०.०६ आणि खरा बदल ०.०६०१. डीएक्स दहापट लहान झाला, पण चूक शंभरपट लहान झाली. म्हणजे वक्ररेषेच्या जागी तिथली स्पर्शिका धरून मोजलेला बदल तो डीवाय, आणि स्पर्शिका किती जवळून चिकटते ते ही शंभरपट सांगते.

√२६ तोंडी काढायचं असेल तर हेच करायचं. √२५ = ५, डेरिव्हेटिव्ह १/१०, डीएक्स = १, म्हणून ५.१. कॅल्क्युलेटर ५.०९९ सांगतो. (बारावीच्या पुस्तकात 'ॲप्रॉक्सिमेशन'ची उदाहरणं आहेत ना, ती हीच. मुलं सूत्र पाठ करतात आणि इंटिग्रेशनमधला डीएक्स तोच आहे हे त्यांच्या गावीही नसतं.)

पाषाण_रोड:
लसावि बाईंशी सहमत, पण एक फाटा फोडतो. इंटिग्रलमधला डीएक्स "हवा तेवढा मोठा" नसतो. तिथे आपण पट्ट्यांची बेरीज करतो, प्रत्येक पट्टीची उंची एफ(एक्स), रुंदी डेल्टा एक्स, आणि रुंदी शून्याकडे नेतो. जर्मन गणिती लाइबनिट्सनं १६७५ च्या टिपणांत ∫ लिहिला तो बेरजेचा लांबट एस म्हणूनच. डीएक्स म्हणजे त्या पट्टीची रुंदी. फिजिक्सवाले आम्ही आजही तसंच वागतो: छोटा तुकडा घ्या, त्याचं वस्तुमान डीएम लिहा, बेरीज करा. गणितवाले कपाळाला हात लावतात, पण उत्तर दोघांचं एकच येतं.

आणि मुलीला हेही सांगा की "अपूर्णांकासारखं वागवा" ही सूट सगळीकडे नाही. दुसऱ्या डेरिव्हेटिव्हला ती लागू नाही. डी²वाय बाय डीयू² ला (डीयू बाय डीएक्स)² नं गुणलं तर डी²वाय बाय डीएक्स² मिळत नाही, आणखी एक पद येतं: डीवाय बाय डीयू गुणिले डी²यू बाय डीएक्स². पार्शियलमध्ये (अनेक चलांपैकी एकच बदलून काढलेली डेरिव्हेटिव्ह) तर पार फसगत. वायूचं पीव्ही = एनआरटी घ्या (पी दाब, व्ही आकारमान, टी तापमान). पीचा व्हीसापेक्ष, व्हीचा टीसापेक्ष, टीचा पीसापेक्ष, असे तीन पार्शियल (दर वेळी तिसरा स्थिर) गुणले तर वरखाली कटून १ येईल असं वाटतं. येतं −१.

रात्रपाळी_भोसरी:
दोघांचे आभार. पार्शियल डोक्यावरून गेलं, पण ०.६ आणि ०.६१ समजलं. आता सबस्टिट्यूशनमध्ये डीएक्स बदलावाच का लागतो? आमच्या घरी रोज होणारी चूक ही: यू घेतला, आत सगळीकडे यू टाकला आणि शेवटी डीएक्सच्या जागी नुसतं डीयू लिहून मोकळी.

मुठाकाठ:
हा प्रश्न माझ्या खात्याचा. 😀 पाटबंधारेत नोकरी झाली.

पावसाळ्यात बातमी येते, "खडकवासल्यातून मुठेत २५,००० क्युसेक विसर्ग". सगळं पुणं भिडे पूल पाण्याखाली गेला का ते पाहायला धावतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हा वेग आहे, साठा नाही. धरणातून किती पाणी गेलं हे हवं असेल तर विसर्गाचं काळावर इंटिग्रेशन करायचं: ∫ क्यू डीटी. क्युसेक गुणिले सेकंद म्हणजे घनफूट. डीटी पुसलात तर उत्तराचं एककच बदलतं, पाण्याऐवजी वेगांची बेरीज उरते. हे डीटीचं पहिलं काम.

आता समजा विसर्ग ५,००० पासून चार तासांत सरळ रेषेत २५,००० वर नेला (आकडे सोयीसाठी धरलेत). वेळ तासांत मोजली आणि तिला एच म्हटलं, तर क्यू = ५,००० + ५,००० एच. ० ते ४ इंटिग्रेट करा: २०,००० + ४०,००० = ६०,०००. हे ६०,००० काय? घनफूट नव्हेत. क्यू सेकंदाच्या हिशेबात आहे आणि एच तासांत. टी = ३६०० एच, म्हणून डीटी = ३६०० डीएच. ६०,००० × ३६०० = २१.६ कोटी घनफूट. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे ०.२१६ टीएमसी. खडकवासल्याची अख्खी साठवण १.९७ टीएमसी आहे, तिच्या नवव्या हिश्श्याएवढं पाणी चार तासांत गेलं.

तुमच्या घरची रोजची चूक म्हणजे तो ३६०० विसरणं. सबस्टिट्यूशन म्हणजे मोजपट्टी बदलणं. नव्या पट्टीवरचा एक खण जुन्या पट्टीवर किती खणांचा, तो गुणक डीएक्सबरोबर येतोच. इथे गुणक सगळीकडे ३६०० होता. यू = एक्स² मध्ये तो जागोजागी वेगळा असतो, २एक्स. एवढाच फरक.

पेठेतला:
मुठाकाठ, जन्मात पहिल्यांदा डीटी कळला. आता सांगा, २५,००० सोडायच्या आधी सायरन का वाजवत नाही?

मुठाकाठ:
वाजवतो. गाडी धुवायला नदीत उतरलेल्याला ऐकू येत नाही.

पेठेतला:
विषयांतर होतंय, होऊ द्या. कॅल्क्युलसचा शोध आपल्याच भास्कराचार्यांनी लावला, हे इथे कुणी सांगणार आहे का नाही? लॉ कॉलेज रोडलगत त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान आहे आणि तुम्ही कोशी नि लाइबनिट्स करत बसलाय.

लसावि:
सांगते, पण मोजून मापून. सिद्धान्तशिरोमणी ११५० चा. त्यात ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्य ज्येतला छोटा बदल कोटिज्येच्या प्रमाणात घेतात. आजच्या भाषेत, साइनचं डिफरन्शियल कॉस गुणिले डीएक्स. ही मोठीच गोष्ट आहे. पुढे केरळात माधवाच्या परंपरेनं साइन-कॉसच्या अनंत श्रेणी काढल्या, तीही युरोपच्या आधी. पण कोणत्याही फंक्शनला चालेल असा नियम, आणि डिफरन्सिएशन व इंटिग्रेशन एकमेकांच्या उलट आहेत हे सर्वसाधारण सूत्र, ते सतराव्या शतकातलं. दोन्हींचा अभिमान बाळगता येतो, एकाच वेळी.

आता मूळ मुद्दा. मुठाकाठांचा गुणक आणि बारावीचा चेन रूल ही एकच गोष्ट आहे. मोठ्या एफचं डेरिव्हेटिव्ह छोटं एफ असेल, तर मोठ्या एफ(यू)चं एक्ससापेक्ष डेरिव्हेटिव्ह = छोटं एफ(यू) गुणिले डीयू बाय डीएक्स. हे वाक्य उलटं वाचलं की सबस्टिट्यूशन. "डीयू = २एक्स डीएक्स" ही त्या सिद्ध झालेल्या गोष्टीची लघुलिपी. म्हणून फळ्यावर ते चाललं. शिक्षकांनी एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

यातून उदाहरण सोडवायची रीतही मिळते. मुलं विचारतात, "यू काय घेऊ?" त्याऐवजी विचारा, "इथे कुणाचा डी लपलाय?"

∫ डीएक्स / [एक्स(एक्स⁵ + १)] हे बोर्डाचं आवडतं. पार्शियल फ्रॅक्शन करायला गेलात तर पान भरेल. एक्स⁵ दिसतोय, त्याचा डी आहे ५एक्स⁴ डीएक्स. एक्स⁴ नाही? मग वरखाली एक्स⁴ नं गुणा. झालं १/५ ∫ डीयू / [यू(यू + १)], उत्तर १/५ लॉग |एक्स⁵ / (एक्स⁵ + १)| + सी (सी म्हणजे कोणताही कॉन्स्टंट). तीन ओळी.

आणि ∫ एक्स ई^(एक्स²) डीएक्स सोपं का? एक्स डीएक्स हा एक्स² च्या डीचा निम्मा. नुसतं ∫ ई^(एक्स²) डीएक्स का होत नाही? तो एक्स नाही, आणि बाहेरून आणताही येत नाही, कारण एक्स⁵ च्या उदाहरणात खाली आलेला एक्स⁵ पुन्हा यूच होता, इथे खाली एक्स उरतो. अर्थात "मला जमलं नाही" हा पुरावा नव्हे. हे नेहमीच्या फंक्शनांत मावतच नाही हे दाखवायची रीत फ्रेंच गणिती लिऊव्हिलनं एकोणिसाव्या शतकात दिली.

सीईटी_पार:
माझा व्यावहारिक सल्ला. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. इंडेफिनिट (मर्यादा नसलेला) इंटिग्रल अडला तर पर्याय डिफरन्शिएट करा, पुष्कळदा तेच लवकर होतं. फक्त स्वतःचं उत्तर पर्यायात नाही म्हणून घाबरू नका. ∫ साइन एक्स कॉस एक्स डीएक्स चं उत्तर साइन²/२, −कॉस²/२ आणि −कॉस २एक्स/४ ही तिन्ही बरोबर आहेत, फरक फक्त सी मध्ये आहे.

आणि ई^एक्स दिसला की कंसात एखादं फंक्शन आणि त्याचंच डेरिव्हेटिव्ह बसलंय का ते आधी बघा. ∫ ई^एक्स (१/एक्स − १/एक्स²) डीएक्स = ई^एक्स / एक्स + सी. दहा सेकंद.

लसावि:
सीईटी_पार, सल्ला बरोबर, आणि तुमचं शेवटचं उदाहरणही डी ओळखण्याचंच आहे: डी(ई^एक्स / एक्स). बाय पार्ट्स (गुणाकाराचं इंटिग्रेशन) तरी काय वेगळं? मुलं घोकतात, "पहिला गुणिले दुसऱ्याचं इंटिग्रेशन, वजा इंटिग्रेशन कंसात..." आणि मधेच श्वास लागतो. डी(यूव्ही) = यू डीव्ही + व्ही डीयू एवढं लिहा, एक पद पलीकडे न्या, झालं.

इथे एक गंमत वर्गात फार कमी सांगितली जाते. डीव्हीवरून व्ही काढताना आपण कॉन्स्टंट शून्य धरतो. धरायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? ∫ एक्स टॅन⁻¹ एक्स डीएक्स घ्या. लिएटप्रमाणे (यू निवडायचा क्रम: लॉग, इन्व्हर्स, अल्जिब्रिक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल) यू = टॅन⁻¹ एक्स, डीव्ही = एक्स डीएक्स. सगळे व्ही = एक्स²/२ घेतात, मग एक्स²/(१ + एक्स²) चा भागाकार करत बसतात. मी व्ही = (एक्स² + १)/२ घेते. व्ही डीयू मध्ये १ + एक्स² कटतो, उरतं नुसतं १/२. उत्तर: (एक्स² + १)/२ × टॅन⁻¹ एक्स − एक्स/२ + सी. लॉग(एक्स + १) ला व्ही = एक्स + १ घ्या, तेही असंच सुटतं.

लिएट हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. निम्म्या मुलांना तो गुरुमंत्र वाटतो.

पाषाण_रोड:
बाई, व्ही मधला कॉन्स्टंट मलाही इतकी वर्षं सुचला नव्हता. 🙏

रात्रपाळी_भोसरी:
मी बाबांच्या लॉगिनवरून लिहितेय, बाबा रात्रपाळीला गेलेत. बाई, डेफिनिटमध्ये एक विचित्र गोष्ट झाली. ∫ एक्स² डीएक्स, −१ ते १. सरळ केलं तर २/३ येतं. यू = एक्स² घेतलं तर खालची मर्यादा १, वरची पण १. म्हणजे शून्य! डीएक्सही नीट बदलला होता. ∫ २एक्स कॉस(एक्स²) डीएक्स −१ ते १ ला हेच केलं तर शून्य येतं आणि पुस्तकातही शून्यच आहे. मग एकीकडे चालतं नि दुसरीकडे का नाही?

लसावि:
शाब्बास, हा खरा प्रश्न.

दुसऱ्या उदाहरणात २एक्स डीएक्स पूर्णच्या पूर्ण डीयू झाला. एक्स कुठेही सुटा उरला नाही, म्हणून चेन रूल जसाच्या तसा लागतो. यू १ वरून शून्यावर आला, परत १ वर गेला, जाताना जे मिळवलं ते येताना फिटलं. शून्य बरोबर.

पहिल्यात एक्स² डीएक्स = (एक्स/२)(२एक्स डीएक्स). यातला एक्स/२ सुटा उरला आणि तू तिथे √यू टाकलंस, हो ना? शून्याच्या उजवीकडे एक्स = √यू, पण डावीकडे एक्स = −√यू. एकच यू, दोन एक्स. म्हणून शून्यावर तोडायचं. ० ते १ मध्ये १/२ ∫ √यू डीयू = १/३. डावीकडच्या भागातही उणे चिन्ह नीट ठेवलं की १/३. बेरीज २/३.

पाषाण_रोड:
मग माझ्याकडून एक. ∫ डीएक्स/(१ + एक्स²), −१ ते १. एक्स = १/टी घ्या, डीएक्स = −डीटी/टी². सोडवलं की −डीटी/(१ + टी²), मर्यादा त्याच −१ ते १. म्हणजे आय = −आय, म्हणून आय = ०. पण फंक्शन सगळीकडे धन आहे! कुठे घोटाळा झाला? इथे एक्स आणि टी तर एकास एक आहेत, दोन एक्सवालं कारण चालणार नाही. बाईंनी उत्तर द्यायचं नाही.

पेठेतला:
घोटाळा एक्स = १/टी घेण्यात आहे. सरळ टॅन⁻¹ असताना कुणी सांगितलं होतं?

रात्रपाळी_भोसरी:
(पुन्हा मीच) एक्स शून्य झाला की टी नाहीच. एक्स −१ वरून शून्याकडे जाताना टी −१ वरून उणे अनंताकडे पळतो आणि एक्स शून्याच्या पुढे गेला की टी एकदम धन अनंताकडून १ कडे येतो. म्हणजे टी कधी −१ आणि १ च्या मधे गेलाच नाही. आपण मात्र मर्यादा −१ ते १ लिहून त्याला नेमकं तिथूनच नेलं.

तोडून केलं: टी चे दोन तुकडे, उणे अनंत ते −१ आणि १ ते अनंत, दोन्हीत ∫ डीटी/(१ + टी²). उलट्या मर्यादांमुळे आधीचं उणे चिन्ह गेलं. प्रत्येकी पाय/४, एकूण पाय/२. टॅन⁻¹ नं सरळ केलं तरी पाय/२.

लसावि:
बरोबर. फक्त बोर्डाच्या पेपरात मर्यादेच्या जागी अनंत लिहून मोकळी होऊ नकोस, लिमिट लिहीत जा. आणि झोप आता, सकाळी कॉलेज असेल.